चिनोहून बाबांना

चिनो, कॅलिफोर्निया

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, माझी तब्येत उत्तम आहे. इथल्या विमानांच्या संग्रहालयात मी दिवसाउजेडी आणि मैत्रिणीबरोबर जाते, तिथल्या कोणत्याही विमानात बसत नाही, तेव्हा ती काळजी सोड. तिथल्या निवृत्त स्वयंसेवकांची एक रीत मात्र मला बरेच दिवस उमगेना. पी-३८ लाइटनिंग या दुसऱ्या महायुद्धातल्या दोन इंजिनांच्या अमेरिकी लढाऊ विमानाच्या नाकासमोर उभे राहून डावे इंजिन कोणते असे विचारले, की ते आपल्या उजव्या हाताकडचे दाखवतात, कारण बाजू आणि फिरण्याची दिशा वैमानिकाच्या आसनावरूनच सांगायची असा त्यांचा दंडक आहे; समोरून सांगणाऱ्याला ते विमानामागे नेऊन पुन्हा सांगायला लावतात.

बाबा, ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य घालवलेल्या तुम्हाला याचे नवल नाही. तुमचा प्रश्न होता तो वेगाचा: सूर मारताना वेग वाढला की हे विमान हाताबाहेर का जाई, दोष इंजिनांचा होता का? आधी इंजिनांचे सांगते. या विमानाचे दोन प्रोपेलर परस्परांविरुद्ध, माथ्याकडून बाहेरच्या बाजूला फिरतात, त्यामुळे दोन्हींचा पीळ एकमेकांना मारतो आणि उड्डाण घेताना विमान एका अंगाला ओढत नाही. मात्र त्याच वेळी एक इंजिन बंद पडले, तर आधी चालू इंजिनाचीच शक्ती कमी करावी लागे, नाहीतर विमान उलटे. ब्रिटिशांसाठी बनवलेल्या विमानांत दोन्ही इंजिने एकाच दिशेची होती, उंचावरच्या विरळ हवेत इंजिनाची शक्ती टिकवणारे टर्बोसुपरचार्जरही नव्हते, आणि ती त्यांनी नाकारली.

वेगाचे दुखणे मात्र इंजिनात नव्हतेच, पंखात होते. सूर मारताना वेग ध्वनीच्या सुमारे ६८ टक्क्यांच्या पुढे गेला, की पंखावरून जाणारी हवा ध्वनीचा वेग गाठी, शेपूट थरथरू लागे, नाक आणखी खाली जाई आणि नियंत्रणाची दांडी ओढता ओढली जात नसे. नोव्हेंबर १९४१ मध्ये चाचणी वैमानिक राल्फ व्हर्डन सुराच्या चाचणीत मृत्युमुखी पडले. पंखाखाली उघडणाऱ्या छोट्या फ्लॅपनी, म्हणजे झडपांनी, हा सूर आटोक्यात आला, पण कारखान्यातूनच ते बसवून येऊ लागले ते या विमानाच्या ‘जे’ (J) मालिकेतल्या अखेरच्या विमानांपासून. इतक्या उशिराने, याची मला फार हळहळ वाटते.

समीरच्या लग्नाच्या हॉलचे पैसे पाठवले आहेत, आकडा पाहून रागावू नका. साखरपुड्याला रजा मिळत नाही, लग्नाला मात्र नक्की येते. आईने कळवलेल्या स्थळाशी बोलायला माझी ना नाही, फक्त घाई नको. बाबा, मोतीबिंदूच्या वेळी मी तिथे हवी होते. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा.

तुमची,
मीनल