आधी मेलेले रोप नीट ओळखा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'हरभऱ्यातील अमुक गुणाचे जनुक सापडले' अशी बातमी आली की दोन वर्षांत बियाणे दुकानात येईल, असा शेतकऱ्यांचा समज होतो. बहुतेक वेळा सापडलेला असतो तो गुणसूत्राचा एक पट्टा, ज्यात ते जनुक कुठेतरी असते. आयसीसी ४९५८ या अवर्षणाला तग धरणाऱ्या हरभऱ्यातला प्रसिद्ध पट्टा आधी सुमारे ७७ लाख बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) होता, नंतर तो ३ लाखांच्या आसपास आला. त्यातही २६ जनुके उरलीच. वाणासाठी मात्र जनुकापर्यंत पोहोचलेच पाहिजे असे नाही. हाच पट्टा पुसा ३७२ या वाणात आणून पुसा चिकपी १०२१६ हा वाण तयार झाला आणि २०१९ मध्ये प्रसारित झाला.

असा पट्टा कुठे आहे हे दाखवणारा नकाशा चुकतो तो प्रयोगशाळेपेक्षा शेतात जास्त. जमिनीतल्या बुरशीमुळे रोप वाळवणाऱ्या मर रोगाचेच घ्या. रोगाला बळी पडणारा आणि प्रतिकारक अशा दोन वाणांचा संकर करायचा, मग दर रोपाचा एकेक दाणा पुढे नेत सहा-सात पिढ्या स्वपरागीकरण करून दीड-दोनशे स्थिर ओळी (गुण न बदलणारे वंश) काढायच्या. रब्बीत वर्षाला एकच पिढी मिळते, त्यामुळे यातच सहा-सात वर्षे जातात. साठ-सत्तर ओळींवर भागवले तर लहान परिणामाचे पट्टे निसटतात आणि जे सापडतात त्यांचा परिणाम फुगलेला दिसतो.

या ओळी मर रोगाच्या सिक प्लॉटमध्ये, म्हणजे मुद्दाम बुरशी राखलेल्या जमिनीत, पेरतात. दर दोन किंवा चार ओळींनंतर जेजी ६२ या मरला हमखास बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ हवी. बुरशी जमिनीत सगळीकडे सारखी पसरली असेल तर जेजी ६२ महिन्याभरात जवळपास सगळा मरतो. कुठे तो हिरवा उभा दिसला तर शेजारच्या ओळी प्रतिकारक ठरत नाहीत, त्यांना रोग पोहोचलेलाच नसतो. ती नोंद टाकून द्यावी लागते. ठेवली की संगणक इमानेइतबारे चुकीचा पट्टा दाखवतो.

दुसरा घोटाळा फुलोऱ्यानंतरचा. पारा तिशीपार गेला आणि जमीन सुकली की कोरडी मूळकूज येते, आणि लांबून ती मरसारखीच दिसते. रोप उपटून खोड उभे चिरावे. मर असेल तर आतल्या लाकडी भागात तपकिरी-काळी रेघ दिसते आणि मुळे वरून बरी असतात. मूळकुजीत उपमुळे झडलेली असतात, सोटमूळ कट्कन तुटते आणि बरेचदा टोक जमिनीतच राहते. हे न पाहता 'मेले' एवढेच लिहिले तर दोन रोगांची जनुके एकाच रकान्यात येतात.

पुढचे काम मार्करचे, म्हणजे जनुकाजवळच्या ओळखखुणेचे. तो जनुकापासून ५ सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचे अंतर मोजण्याचे एकक) दूर असेल तर शंभरात सुमारे पाच वेळा दोघांची फारकत होते, म्हणजे मार्कर आला पण प्रतिकार आला नाही. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही कडांना तेवढ्याच अंतरावर मार्कर लावतात; मग फसगत हजारात दोन-तीनवर येते. शिवाय ज्यात गुण आणायचा त्या मूळ वाणाशी तीनदा उलट संकर केला की त्याचा सरासरी ९३.७५ टक्के वारसा परत मिळतो. डब्ल्यूआर ३१५ या प्रतिकारक हरभऱ्याचा मर प्रतिकार अन्निगेरी १ या वाणात आणून सुपर अन्निगेरी १ असाच तयार झाला, तोही २०१९ मध्ये प्रसारित झाला. हा वाण कर्नाटकाचा.

आपल्याकडे यंत्राला पैसा लवकर मंजूर होतो. सिक प्लॉटची देखभाल, दरवर्षी रोगट अवशेष मिसळून बुरशीचे प्रमाण टिकवणे, खोड चिरून नोंद घेणारा शिकलेला माणूस या बाबी मात्र अंदाजपत्रकात शेवटी येतात. प्रकल्प संपला की तिथे दुसरेच पीक पेरले जाते आणि वर्षांची मेहनत फुकट जाते. कडधान्य संशोधनाला निधी देताना या कामासाठी वेगळी, सलग दहा वर्षांची तरतूद करावी.

आणि वार्ताहरांना विनंती: 'जनुक सापडले' म्हणणाऱ्याला तीनच गोष्टी विचारा. ओळी किती होत्या? किती ठिकाणी, किती हंगाम तपासल्या? आणि जेजी ६२ किती टक्के मेला?

आपला,
कडधान्य पैदास क्षेत्रातील एक वाचक