तान्ह्या बाळाच्या तापाची वाट पाहू नका

संपादक महोदय,

'अंगात ताप नाही ना, मग उद्या बघू' हा विचार महिन्याच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की मोठ्या माणसाचे अंग तापते. तान्हे बाळ मात्र अनेकदा गार पडते. ते रडत नाही, पिण्यासाठी उठत नाही, हात उचलून सोडला तर लुळा पडतो. घरच्यांना वाटते, बाळ शांत आहे. कालपर्यंत ओढून पिणारे बाळ आज स्तन तोंडात धरून नुसते पडून राहिले, तर हे आजाराचे लक्षण समजावे. ते आईला सर्वांआधी कळते. तिचे ऐकावे.

हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावावी. पोट गरम, पाय गार असतील तर बाळाला टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून पांघरूण घ्यावे. पोटही गार लागले तर वेळ घालवू नये. काखेतले तापमान 35.5 अंश सेल्सिअसच्या (सुमारे 96 फॅरनहाइट) खाली गेले किंवा 37.5 (99.5 फॅरनहाइट) वा अधिक भरले, तरी रुग्णालयातच न्यावे.

श्वास बाळ शांत असताना, पोटाच्या हालचालीकडे पाहून पूर्ण मिनिटभर मोजावा. तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच क्षणभर थांबतो आणि मग भरभर चालतो, म्हणून 15 सेकंद मोजून चारने गुणले तर आकडा चुकतो. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजावे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, छाती खालून खोल आत ओढली जात असली किंवा बाळ कण्हत असले, तर थांबू नये.

काविळीत कोवळे ऊन दाखवत बसण्याने दिवस वाया जातात. पहिल्या 24 तासांतली कावीळ आणि तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, दोन्हींना तातडीने तपासणी हवी. वाढलेले बिलिरुबिन (कावीळ आणणारे पिवळे रंगद्रव्य) मेंदूत गेले तर कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. झटके, हिरवी उलटी, बेंबीभोवती पसरणारी लाली यांतही घरगुती उपाय नकोत.

नेताना बाळ आईच्या छातीशीच असावे. ओढून पिता येत असेल तर अंगावर पाजावे; ओढता येत नसेल पण गिळता येत असेल, तर काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे. गिळताच येत नसेल तर तोंडाने काही देऊ नये. वाटेत गारठा आणि रक्तातली साखर उतरणे हे दोन मोठे धोके असतात. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि तिथवरचे वाहन जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. 102 किंवा 108 ला फोन करावा.

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, पण बाळ काही तासांत खालावते. म्हणून आमची मागणी एवढीच: घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक प्रसूतिगृहाने आईकडून आणि आजीकडून बाळाचा श्वास एकदा मोजून घ्यावा आणि पोट-पाय हाताने तपासून घ्यावेत. याला दहा मिनिटे लागतात.

— नवजात शिशू विभागातील डॉक्टर व परिचारिका