आवाहन : पैसे मंजूर आहेत, अर्ज भरायला माणसं हवीत

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेची आम्ही व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे अशा समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात. आमच्यातल्या बहुतेक जणी घरी विड्या वळणाऱ्या आया आहेत, त्यामुळे लिहिण्यात काही कमी-जास्त असेल तर सांभाळून घ्या.

सरकार काहीच देत नाही असं आम्ही म्हणणार नाही. पुस्तकं मिळतात, गणवेश मिळतो, दुपारची खिचडी शिजते. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्तीही आहे : पहिली ते चौथीला वर्षाला 1000 रुपये, पाचवी ते आठवीला 1500. मांडीवर सूप घेऊन दिवसभर पाठ मोडणाऱ्या बाईला हे हजार रुपये थोडे नाहीत. पण अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि घोडं तिथंच अडतं.

तिसरीतल्या एका मुलीचं सांगतो. शाळेच्या रजिस्टरात आडनाव गुंडेटी, आधारवर गुंडेट्टी, बँकेच्या पासबुकावर गुंडेती. आईच्या विडी कार्डावर तर आडनावच नाही, फक्त तिचं आणि नवऱ्याचं नाव. तेलुगू आडनाव इंग्रजीत जाऊन मराठीत परत येईपर्यंत त्याचे असे अवतार होतात. माणूस एकच आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक, पोर्टलला नाही. आई आधार दुरुस्तीला दोनदा गेली. एकदा सर्व्हर बंद, एकदा टोकन संपलेले. दोन दिवसांची मजुरी बुडाली. तिसऱ्यांदा ती गेली नाही, आणि आम्हीही तिला जा म्हणालो नाही.

शिष्यवृत्ती एकवेळ बाजूला ठेवा. संच मान्यतेत, म्हणजे सरकार शाळेला शिक्षक मंजूर करतं तेव्हा, पट मोजताना आधार जुळलेली मुलंच धरतात आणि शिक्षक किती मिळणार ते त्या पटावर ठरतं. म्हणजे एका अक्षरापायी वर्गावरचे गुरुजी जाऊ शकतात.

अनुदानाचंही गणित पटाचंच. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाच्या खर्चासाठी जे संयुक्त अनुदान येतं ते 31 ते 100 मुलांना वर्षाला 25 हजार, 101 झाली की 50 हजार. आमचा पट 97. काही कुटुंबं कुंभारीला रे नगरात स्वतःच्या घरात राहायला गेली. त्यांचं चांगलं झालं, इथला पट मात्र उतरला. आता वीजबिल, खडू, हजेरीपट, नळदुरुस्ती, झाडू-फिनेल सगळं त्या 25 हजारांत, आणि त्यातले 10 टक्के स्वच्छतेसाठीच राखून ठेवायचे. हप्ता बहुतेक वेळा वर्ष सरत आल्यावर पडतो. तोवर बाई स्वतःच्या पर्समधून भागवतात. गल्लीत अजून शाळेत न आलेली चार पोरं आम्हाला माहीत आहेत. कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्यांच्या घरी जाऊन सांगायचं काम आम्ही करतोय.

 

तुमच्याकडून हवंय ते असं. ज्यांना पोर्टलवर अर्ज भरता येतो, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास द्यावेत. तेलुगू किंवा कन्नड बोलणारं कुणी असेल तर आधी या, कारण अर्ध्या अडचणी बोलण्यातच सुटतात. पैसे द्यायचे असतील तर ते आधार दुरुस्तीची फी, झेरॉक्स, रिक्षाभाडं आणि त्या दिवशी आईची बुडालेली मजुरी एवढ्यासाठीच घेऊ. पावती मिळेल, आणि दर महिन्याचा हिशोब दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला दिसेल.

वाढदिवसाला केक आणि वह्यावाटपाचे फोटो नकोत. मागच्या वर्षीच्या दोनशेपानी वह्या कपाटात तशाच पडून आहेत, पहिलीतली पोरं त्यात लिहिणार तरी काय!

लॅपटॉप असेल तर घेऊन या. वर्गात प्लग एकच आहे, म्हणून एक्स्टेन्शन बोर्डही आणा.

शाळा व्यवस्थापन समिती