दर कमी करण्याआधी रॉयल्टी तपासा: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदय,

इतर देशांत बहुराष्ट्रीय कंपन्यांवर कर कमी आहे, म्हणून आपणही दर उतरवावा, अशी मागणी आपल्याकडे सतत येते. निर्णय घेताना कृपया कागदावरच्या दरांवर जाऊ नका. हंगेरीत 9 टक्के, जर्मनीत स्थानिक व्यापारकर धरून सुमारे 30 टक्के. पण अनेक देशांत उपकंपन्या असलेला एखादा कंपनी-समूह प्रत्यक्षात किती भरतो, ते यावरून कळत नाही.

हिशेब पाहा. 30 टक्के दराच्या देशात उपकंपनीचा नफा 100. त्यातले 60 ती रॉयल्टी (पेटंट, ब्रँड वापरण्याचे शुल्क) म्हणून 5 टक्के दराच्या देशातल्या, त्याच समूहाच्या भगिनी कंपनीला देते. दोन देशांतल्या करकरारामुळे उद्गम कर (रक्कम बाहेर पाठवताना कापला जाणारा कर) शून्य. इथे 40 वर 12, तिथे 60 वर 3. समूहाचा भार 15 टक्क्यांवर आला आणि विक्री झालेल्या देशाचे 18 बुडाले.

75 कोटी युरो किंवा जास्त उलाढालीच्या समूहांसाठी अनेक देशांनी मिळून ठरवलेला 15 टक्के किमान कर हे 18 परत आणत नाही. 5 वरून 15 टक्क्यांपर्यंतचा फरक भरून काढणारा पूरक कर 60 वर होतो जास्तीत जास्त 6. कमी कराच्या देशात खरे कर्मचारी आणि यंत्रसामग्री असेल तर त्याहून कमी. या पूरक करावर पहिला हक्क त्याच देशाचा, मग मूळ कंपनीच्या देशाचा. विक्री झालेल्या देशासह उरलेल्यांचा नंबर शेवटी. शिवाय शेवटच्या या दोन्ही मार्गांतून अमेरिकी समूहांना वगळण्याला जी-7 देशांनी जून 2025 मध्ये मान्यता दिली. म्हणून किमान करावर महसुलाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

प्रभावी दर (नफ्याच्या तुलनेत प्रत्यक्ष भरलेला कर) काढण्यासाठी समूहांनी प्रत्येक देशातला नफा आणि कर दाखवणारे देशनिहाय अहवाल हाताशी आहेत, पण ते जसेच्या तसे वापरले तर फसगत होते. सुरुवातीच्या वर्षांत अनेक समूहांनी आपसातला लाभांशही नफ्यात धरला. तोच नफा दोनदा मोजला गेला, की दर खोटाच कमी दिसतो. तोट्यातल्या कंपन्या एकत्र केल्या तर एकूण नफा घटतो आणि उलट, दर फुगतो. म्हणून लाभांश वजा करा, तोट्यातल्या कंपन्या वेगळ्या ठेवा आणि एका वर्षाऐवजी पाच वर्षांची बेरीज घ्या.

दर आहे तसा ठेवून आधी करकरार फेरबदलासाठी उघडा. 9 टक्क्यांहून कमी दर असलेल्या देशात जाणाऱ्या आपसातल्या रॉयल्टी व व्याजावर फरकाइतका कर लावू देणारा बहुपक्षीय करार ऑक्टोबर 2023 पासून सहीसाठी खुला आहे. वरच्या उदाहरणात त्यातून 2.4 मिळतात. रक्कम लहान आहे, पण ती उगमाच्या देशाला मिळते. उरलेल्यासाठी रॉयल्टीची वजावट भगिनी कंपनीतल्या प्रत्यक्ष संशोधनाच्या पुराव्याशी जोडा.

आपले,
करक्षेत्रात काम करणारे काही जण