तुझ्या चार पेट्यांचं वर्ष

पुणे, २८ डिसेंबर

प्रिय सुध्या,

कोलोनला जाताना तू खेळांच्या चार पेट्या माझ्याकडे ठेवून गेलास, त्याला येत्या आठवड्यात वर्ष होईल. "माळ्यावर टाकू नकोस," एवढंच म्हणाला होतास. नाही टाकल्या. दर शनिवारी जेवणं उरकली की टेबल पुसायचं आणि डाव मांडायचा. मी, माधवी, आई आणि शिकायला आमच्याकडे राहिलेली पुतणी ईशा. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर मी नोंद ठेवली आहे: वर्षभरात ६१ डाव झाले.

सुरुवात टाइलला टाइल जोडत नकाशा करायच्या कार्कासोनने केली, कारण टाइलवर वाचायचं काही नाही. रस्त्याला रस्ता आणि तटबंदीला तटबंदी जुळवणं आईला पहिल्याच रात्री जमलं. फक्त शेतकऱ्याचा मोहरा गवतावर आडवा ठेवायचा आणि डाव संपेपर्यंत उचलायचा नाही, हे तिला पटेना. "पेरणीच्या दिवसांत आडवा पडलाय मेला," म्हणत ती त्याला उभा करायची, ईशा परत आडवा करायची.

पण हे पत्र लिहायला बसलो ते पॅन्डेमिकसाठी, सगळ्यांनी मिळून जगभर पसरणाऱ्या चार रोगांवर औषधं शोधायच्या त्या खेळासाठी. मार्चमधली गोष्ट. ईशाकडे मेडिकची, म्हणजे डॉक्टरची भूमिका होती आणि तिची सोंगटी पटावरच्या मुंबईत. कोलकात्यात रोगाचे तीन काळे ठोकळे साठले होते. ती पटाकडे बघत विचार करत होती, बोट कराचीवर टेकलं होतं. मी म्हणालो, "चेन्नईवरून कोलकात्याला जा आणि ते सगळे उचल." ती गेली. पुढच्या खेपेला मी दिल्लीला जायला सांगितलं, ती गेली. माधवीला कुठली पानं धरून ठेवायची तेही मीच सांगत होतो. सगळ्यांची पानं उघडी असल्यामुळे मला सगळं दिसत होतं ना! मग ईशाने आपली पानं गोळा केली, नीट चळत करून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "काका, माझंही तूच खेळ." आवाजात राग नव्हता. आत निघून गेली. तो डाव आम्ही जिंकलो, चारही औषधं सापडली. डायरीत 'जिंकलो' लिहिताना माझा हात अडखळला.

त्या रात्री मला तू आठवलास. तू आम्हाला पहिल्यांदा खेळायला बसवलंस तेव्हा किती गप्प असायचास! मी फालतू चाल खेळायचो आणि तू चहाचा घोट घ्यायचास. मला वाटायचं, याला दिसत नाही. तुला दिसत होतं. चाल माझी मला सापडावी म्हणून तू थांबायचास. हे तुला कधीतरी सांगायचं होतं, ते आज सांगतोय.

दुसऱ्या शनिवारी मी हनाबी काढला. हा पत्त्यांचा खेळ, सगळ्यांनी मिळून प्रत्येक रंगाची एक ते पाच अशी पानं ओळीने लावायची. आपलीच पानं आपल्याला दिसत नाहीत, समोरच्यांना दिसतात, आणि बोलायची सोय आठ चकत्यांपुरती, एका खुणेला एक चकती. आयुष्यभर मेंढीकोट खेळलेल्या आईने पहिल्या दिवशी चार वेळा पानं स्वतःकडे फिरवली. जर्मनीत २०१३ साली याला वर्षातल्या खेळाचा मान मिळाला, असं मी तिला सांगितलं. तिला त्याचं काही नाही. "आमच्यात भिडूला खूण केली तर डाव मोडायचे, इथे खुणा मोजून देतात," याचं मात्र फार कौतुक. आणि स्मरणशक्ती काय आहे तिची! कुठल्या रंगाचे किती तीन पडले, हे आम्ही तिलाच विचारायला बघतो आणि जीभ चावतो.

गेल्या शनिवारचा डाव तुला दाखवायला हवा होता. आईच्या हातात हिरवा पाच, आणि हिरवा पाच तर एकच! तिला त्याची खबर नाही. ती पान टाकायच्या बेतात होती, बोटं त्याच्याच कोपऱ्यावर. चकती एकच उरलेली आणि पाळी ईशाची. मला ओठ घट्ट मिटून बसावं लागलं. ईशाने आधी डोळ्यांनी सगळ्यांची पानं फिरून पाहिली, मग चकती उलटी केली आणि आजीच्या त्या एकाच पानावर बोट ठेवलं: "पाच." आईने ते पान हळूच अंगठ्याकडे सरकवलं आणि शेवटपर्यंत तिथेच धरून ठेवलं. २३ गुण झाले, आमचे आजवरचे सर्वांत जास्त. डायरीतली ती नोंद ईशाने लिहिली.

पेटीबद्दल एक कबुली द्यायची आहे. पांढऱ्या एकाचा कोपरा माझ्या हातून दुमडला. आईनेच दाखवलं: "हे मला पाठीवरूनच ओळखू येतं, असं नाही खेळायचं." म्हणून सगळ्या पन्नास पानांना प्लास्टिकची कव्हरं घातली आहेत. तरी जूनमध्ये येताना नवा हनाबी घेऊन ये, पैसे मी देईन. पाच जणांत आम्ही अजून खेळलेलो नाही. तुझी खुर्ची खिडकीकडची.

तुझा,
अविनाश