बदलीच्या गावी पहिली ओळख वाचनालयाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र दिनानिमित्त ‘आपल्या राज्यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?’ असं आपण वाचकांना विचारलंत आणि आलेली उत्तरं लागोपाठ दोन रविवार छापलीत. गडकिल्ले, वारी, कोकणचा समुद्र, सह्याद्रीतला पाऊस, एसटी, पुरणपोळी, सगळं वाचलं आणि सगळं पटलं. पण मी ज्या एका गोष्टीची वाट बघत होते ती दोन्ही रविवारी आली नाही, म्हणून हे पत्र. मला या राज्यात सगळ्यात प्रिय आहेत ती इथली सार्वजनिक वाचनालयं. शाळा-कॉलेजातली नव्हेत. गावाच्या बाजारपेठेत, देवळाच्या बोळात, नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत असतात ती. वर्गणी भरा, दोन पुस्तकं घेऊन जा, आठ-पंधरा दिवसांनी बदला, अशी.

माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. नोकरी फिरतीची. सोलापुरात उजनीच्या कालव्यांची कामं, मग कोल्हापूरकडे काळम्मावाडी, मग बरीच वर्षं कोयना प्रकल्पाच्या अलोरे वसाहतीत, तिथून पवनीला गोसेखुर्दवर आणि शेवटी नाशिक. बदलीची नोकरी पुरुषाला वेगळी आणि बाईला वेगळी असते. यजमानांना नव्या गावात ऑफिस तयार मिळायचं, खुर्ची मिळायची, पहिल्याच दिवशी नमस्कार करणारी माणसं मिळायची. मी मात्र वसाहतीत ‘साहेबांच्या मिसेस’ आणि मुलांच्या शाळेत ‘अमक्याची आई’. दोन्हीबद्दल माझी तक्रार नाही. पण ट्रकमधून सामान उतरून गॅसची जोडणी झाली की माझं पहिलं काम ठरलेलं असायचं: बाजारात जायचं, वाचनालय कुठे आहे ते विचारायचं आणि अनामत भरून सभासद व्हायचं. त्या कार्डावर माझं स्वतःचं नाव लिहिलेलं असे. त्या गावात माझ्या नावाने ओळखणारा पहिला माणूस म्हणजे काउंटरमागचा ग्रंथपाल.

आणि एक अलोरे सोडलं तर वाचनालय सापडलं नाही असं गाव मला मिळालं नाही. लहान असेल, दोन खोल्यांचं असेल, संध्याकाळी दोनच तास उघडत असेल, पण होतं. यात नवल आहे असं तेव्हा वाटायचं नाही. एसटी स्टँड असतो तसं वाचनालय असणारच, असंच मी धरून चालायचे. बाहेरच्या राज्यांत राहून आलेल्या नातेवाइकांशी बोलताना पुढे कळलं की आपल्याकडची ही गोष्ट वेगळी आहे, आणि वेगळी कशी ते मला इथे जरा सविस्तर सांगायचं आहे.

दक्षिणेकडच्या राज्यांत सार्वजनिक ग्रंथालयं चांगली आहेत, काही बाबतींत आपल्यापेक्षाही चांगली आहेत. पण केरळ सोडलं तर ती मुख्यतः सरकार चालवतं. घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा कर घेतात आणि त्यातून खर्च भागतो. आपल्याकडे १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, तो १ मे १९६८ पासून लागू झाला, पण त्यात असा कर ठेवलेला नाही. कारण कायदा यायच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीच गावोगावच्या लोकांनी आपापली वाचनालयं काढली होती. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, सोलापूरचं १८५३ चं. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ सालीच, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आधी, ग्रंथालयाचा कायदा केला होता. म्हणून आपल्याकडे संस्था गावाची, कार्यकारिणी गावातून निवडलेली, पुस्तकं कोणती घ्यायची ते गावाने ठरवायचं, आणि सरकारने अ, ब, क, ड असा दर्जा देऊन अनुदान द्यायचं, अशी रीत पडली. अशी मान्यताप्राप्त वाचनालयं राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. प्रत्येक गावात नाहीत, हे खरं. पण जी आहेत ती कुणी वरून आणून ठेवलेली नाहीत. कुणी जागा दिली, कुणी कपाट दिलं, कुणी वडिलांच्या नावाने हजार रुपये दिले. भिंतीवर देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक असतो ना, तो मी प्रत्येक ठिकाणी पूर्ण वाचते. गावाचा खरा इतिहास त्यावर असतो.

नाशिकच्या वाचनालयाचं स्वतःचं नाट्यगृह आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृह. वाचनालयाने नाट्यगृह बांधावं आणि चालवावं, हे मला फार मोठं वाटतं.

आता काउंटरबद्दल. पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर चिकटवलेला दाखल क्रमांक, आत तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी. ती चिठ्ठी मी आधी बघते. चार महिन्यांत दहा शिक्के पडलेले असतील तर पुस्तक घ्यायचंच. तीन वर्षांत एकच शिक्का असेल तरी घ्यायचं, कारण तो एक वाचक कोण असेल याचं कुतूहल वाटतं. आणि समासातली पेन्सिल! पुस्तकावर लिहू नये, हे मलाही कळतं. तरी सांगते, सोलापूरला एका जाड कादंबरीत, नायिका सासर सोडते त्या पानावर, बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, ‘बरं केलंस.’ त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात, ‘मीही.’ त्या दोघी कोण होत्या ते मला कधीच कळलं नाही. पण गावात मन रमायला मला त्या दोन ओळी पुरल्या.

ग्रंथपालांचं बोलणं गावागणिक बदलायचं, माया तीच. सोलापूरचे म्हणायचे, ‘चांगलं हाय की वैनी, न्या.’ कोल्हापूरकडचे, ‘न्हेऊन तर बघा, नाही आवडलं तर उद्या परत आणा.’ पवनीची ग्रंथपाल माझ्यापेक्षा वयाने लहान, ती म्हणायची, ‘घेऊन जा न ताई, मस्त आहे.’ तिने मला विदर्भातले लेखक वाचायला लावले. तोवर माझं वाचन पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांपलीकडे गेलेलं नव्हतं. अलोऱ्याहून मात्र चिपळूणला यावं लागायचं. एसटीने यायचं, बाजार करायचा, भाजीच्या पिशवीत तळाला पुस्तकं आणि वर मेथी, असं परत जायचं.

तेच चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. १८६४ साली स्थापन झालेलं, गावात सगळे ‘लोटिस्मा’ म्हणतात. निवृत्तीनंतर कुठे राहायचं असा प्रश्न आला तेव्हा यजमानांनी हवापाणी आणि दवाखाने बघितले. मी लोटिस्मा बघितलं. २०१३ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला झालं, त्याचं यजमानपद याच वाचनालयाकडे होतं. एवढ्याशा तालुक्याच्या गावाने, तेही वाचनालयाच्या बळावर, एवढं मोठं कार्य अंगावर घेतलं, हे ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना मी म्हणते त्यातलं काही वेगळं सांगायला नको.

मग २२ जुलै २०२१ चा पूर आला. २००५ च्या पुरातही नुकसान झालं होतं, पण या वेळी वाशिष्ठीने बाजारपेठेत काही शिल्लकच ठेवलं नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही काही सभासद मदतीला गेलो. भिजलेलं पुस्तक फुगतं, हे ठाऊक होतं, पण कप्प्यात दाटीने लावलेली पुस्तकं फुगली की काय होतं ते तिथे बघितलं. ती एकमेकांना इतकी आवळून बसतात की एकसुद्धा बाहेर निघत नाही. ओढलं की पुठ्ठा हातात येतो आणि पानं आतच राहतात. कपाटाच्या लोखंडी बाजूसुद्धा बाहेर फुगल्या होत्या. मध्ये पहार घालून एक पुस्तक मोडायचं, मगच शेजारची सुटायची. कोणतं मोडायचं ते ठरवताना हात पुढे होत नव्हता. गुळगुळीत कागदाची पुस्तकं तर विटेसारखी झाली होती. वाळवायची म्हटलं तर कोकणातला जुलै, बाहेर संततधार, घराघरांत चिखल, वीज नाही. हजारो पुस्तकं गेली. काउंटरवर बसून ज्यांनी वर्षानुवर्षं ती दिली-घेतली, ती माणसं काही न बोलता घमेली भरून बाहेर नेत होती.

पुढे महाराष्ट्रातून पुस्तकं येऊ लागली. प्रकाशकांकडून आली, संस्थांकडून आली, पण मला आठवतात ती घराघरांतून आलेली. पहिल्या पानावर ‘चि. सौ. कां. हिस विवाहाप्रीत्यर्थ’ असं लिहिलेली आहेराची पुस्तकं. शाळेत निबंधात पहिला नंबर आल्याबद्दल मिळालेलं पुस्तक, वर मुख्याध्यापकांची सही. अशी पुस्तकं माणूस सहजासहजी देत नाही. ज्यांनी दिली त्यातल्या बहुतेकांनी चिपळूण कधी पाहिलंही नसेल. संपादक महोदय, ‘तुम्हाला आपल्या राज्यातलं काय आवडतं?’ याला माझं उत्तर हे आहे. एका गावचं वाचनालय बुडालं हे लांबच्या घरातल्या कुणाला तरी स्वतःचं नुकसान वाटतं, ते मला आवडतं.

दिवाळी अंकांचं सांगायचं राहिलंच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा. पण आज सगळे अंक विकत घेणं कुणाच्या आवाक्यात आहे? वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत थोडीशी जादा वर्गणी भरली की उन्हाळ्यापर्यंत अंकच अंक. नोव्हेंबरात काउंटरवर जी गर्दी होते, ‘तो अंक आला का? कुणाकडे आहे? माझा नंबर लावा’ ही जी घाई चालते, ती बघायला तरी एकदा जावं. शेजारणीकडे अंक अडकला म्हणून तिच्या घरी जाऊन तो वाचून आलेली बाई मी पाहिली आहे.

हे सगळं जपलं जातंय का? भिलारला २०१७ साली सरकारने ‘पुस्तकांचं गाव’ केलं, आनंद वाटला. मी पाहून आले, घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, अंगणात बसून वाचता येतात, मुलांना जरूर न्यावं. पण तिथे आपण वर्षातून एकदा जाणार. रोजचं वाचनालय घराजवळचं, आणि त्याची अवस्था सगळीकडे बरी नाही. २०१२ नंतर बरीच वर्षं नव्या वाचनालयांच्या मान्यता आणि दर्जावाढ थांबलेली होती. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, ती झाली नसती तर कित्येक ठिकाणी कुलूप लागलं असतं. पण ती वाढ धरूनही खेड्यातल्या ‘ड’ दर्जाच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याकाठी जे पडतं त्यात त्याचं घर चालत नाही. तो सकाळी दुसरं काहीतरी करतो आणि संध्याकाळी येऊन कुलूप उघडतो. केवळ आवडीपोटी. ही आवड आपण किती दिवस गृहीत धरणार?

सरकारकडे मागणं करणारे जाणते लोक आहेत, ते करतीलच. माझं बोलणं वाचकांशी आहे. आपल्या गावातल्या वाचनालयाचे आपण सभासद आहात का? वर्तमानपत्रांच्या टेबलाशी फुकट बसायला मिळतं, तिथे जरूर बसा, ते सगळ्यांसाठीच आहे. पण महिन्याची वर्गणीही भरा. एका सिनेमाच्या तिकिटात बहुतेक गावांत कितीतरी महिन्यांची वर्गणी होते. घरातल्या बाईच्या नावाने वेगळं कार्ड काढा. नवऱ्याच्या कार्डावर तिची पुस्तकं येतात तेव्हा ती कोणती हेही बहुधा तोच ठरवतो. मुलांना सुट्टीत न्या आणि पुस्तक त्यांना निवडू द्या, भुताचं निवडलं तरी चालेल. आणि पुस्तकं द्यायची असतील तर रद्दीतली नकोत, वाचून आवडलेली द्या. आधी फोन करून काय हवं ते विचारा. जुनी पाठ्यपुस्तकं आणि गाइडं कुठल्याच वाचनालयाला ठेवायला जागा नसते.

आपल्याकडेही एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत आठवड्याला एका वाचनालयाची माहिती द्यावी: कुठे आहे, कधी उघडतं, वर्गणी किती, त्याच्याकडे काय जुनं आणि मोलाचं आहे, कोण चालवतं. सुरुवात मोठ्या शहरांपासून करू नये, त्यांची नावं लोकांना ठाऊक आहेत. तालुक्यांपासून आणि खेड्यांपासून करावी. आमच्या भागातली माहिती गोळा करायला माणूस हवं असेल तर मी तयार आहे. गुहागर आणि खेडकडची वाचनालयंही मी स्वतः जाऊन बघून येईन. पत्ता आणि फोन सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.

कळावे,
आपल्या पत्राची जुनी वाचक,
चिपळूण, जि. रत्नागिरी