घरचा ± पॉवर सप्लाय : फसगत पायांत आणि पत्र्यात

मा. संपादक, स. न. वि. वि.

ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपच्या) प्रयोगांना अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्ट लागतात. त्यासाठी भंगारातल्या अ‍ॅम्प्लिफायरचा १२-०-१२ (मधल्या तारेपासून दोन्हीकडे १२ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर झकास चालतो. मधली तार मात्र रंगावरून ठरवू नये. मल्टिमीटर लावावा : बाहेरच्या दोन तारांत जितके ओम, त्याच्या निम्मे मधलीपासून भरतात. १एन५४०८ चे चार डायोड जुने चालतील; २२०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर मात्र नवेच घ्यावेत, तेही ३५ व्होल्टचे. भार नसताना व्होल्टेज १७ च्या वर जाते.

खरी फसगत रेग्युलेटरपाशी (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपपाशी). अधिक बाजूचा एलएम३१७ आणि उणे बाजूचा एलएम३३७ दिसायला जुळे. पण छापील बाजू समोर धरली तर ३१७ चे पाय डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. ३३७ चे अ‍ॅडजस्ट, इनपुट, आउटपुट. पाठीचा पत्राही पहिल्याचा आउटपुटला, दुसऱ्याचा इनपुटला जोडलेला. एकाच हीटसिंकवर (उष्णता काढणाऱ्या पट्टीवर) अभ्रक आणि स्क्रूचा इन्सुलेटिंग बुश न घालता दोन्ही कसले, की शॉर्ट! (अभ्रक दोन रुपये वाचवायची जागा नव्हे.)

दोन्हीकडे १२० ओमचा रेझिस्टर आणि १ किलो-ओमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावल्यास १.२५ ते साधारण ११.७ व्होल्ट मिळतात. ३३७ च्या आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, उलट्या ध्रुवांनी : अधिक टोक ग्राउंडला.

पहिल्यांदा चालू करताना २३० व्होल्टच्या बाजूला ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा (पिवळा) बल्ब सीरिजमध्ये घालावा. लुकलुकून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आधी प्लग काढा.

— एक वाचक, रामबाग, इंदूर